पाठमोरी

नाईकधुऱ्यांच्या हॉलमधलं ते बँकेचं कॅलेंडर पद्मजाबाईंनी मुद्दाम त्या जागी टांगलं होतं, आणि मार्तंडरावांनी ते खिळ्यावरून उचललं नसतं तर शेवंतीचा तो रविवार सुखासमाधानात गेला असता. पण काही माणसांना झाकलेलं उघडून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. मार्तंडराव त्यांतले.

शेवंती आणि तिचा नवरा दत्ताराम घाडीगावकर भांडुपहून मुलुंडला घर बघायला आले होते. घर म्हणजे त्यांच्या कुंदाचं होणारं सासर. कुंदा या लोकांना पसंत पडली होती, मुलगा चंद्रप्रकाश कुंदाला पसंत होता. दोन्ही घरं कोकणातली, दोन्ही घरं मासे खाणारी. आता मुलीच्या आईबापांनी एकदा येऊन घर बघायचं, चहा घ्यायचा आणि साखरपुड्याची तारीख ठरवून निघायचं, एवढंच उरलं होतं. चंद्रप्रकाशची रविवारीही औषधांच्या कारखान्यात पाळी होती, त्यामुळे हॉलमध्ये दोन व्याही आणि दोन विहिणी अशी चौघंच होती. नाईकधुऱ्यांची धाकटी मुलगी मृणालिनी आत पोहे परतत होती. कुंदाला बघायला ती आली नव्हती, आणि आजही अजून बाहेर आलेली नव्हती.

"पोहे येईपर्यंत तुम्हाला आमची एक दौलत दाखवतो," मार्तंडराव म्हणाले. टेलिफोन खात्यात त्यांनी तीस वर्षं तारा जोडल्या होत्या, पण आपण चुकून त्या खात्यात गेलो, आपलं खरं काम चित्रं बघण्याचं, असं ते कुणालाही सांगत.

"अहो, राहू द्या ना ते," पद्मजाबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा आलीत माणसं."

"पहिल्यांदा आलीत म्हणूनच," असं म्हणून त्यांनी कॅलेंडर उचललं आणि सोफ्यावर टाकलं.

मागे काच लावलेली चौकट होती. चित्रात रंग असा नव्हताच, सगळं कोळशानं काढलेलं. जमिनीवर बसलेली एक बाई, पाठमोरी. लुगडं कमरेला गुंडाळलेलं, पाठ उघडी. उजवा पाय मुडपून खाली घेतलेला, डावा गुडघा छातीशी उभा. मान खाली, केसांचा बारका अंबाडा, खांदे थोडे वर ओढलेले. तोंड दिसत नव्हतं.

परक्या पुरुषासमोर बाईची उघडी पाठ बघायची म्हणून शेवंतीनं आधी नजर खाली वळवली. खाली बाईचं पाऊल होतं. पावलाच्या अंगठ्याभोवती खडूची एक पुसट अर्धगोल रेघ होती. चित्रकारानं तीसुद्धा सोडली नव्हती.

ती रेघ बघितली आणि शेवंतीची नजर तिथेच अडकली.

कारण खडूची ती रेघ कशाची, हे त्या हॉलमध्ये फक्त तिला माहीत होतं. बसून बसून पाय मेला, की दहा मिनिटं उठायला मिळायचं. उठण्याआधी कुणीतरी पावलाभोवती खडू फिरवायचं, म्हणजे परत येऊन पाय त्याच जागी ठेवता येई. पाच वर्षांपूर्वी, ब्याऐंशीच्या गिरणी संपात, घाटकोपरच्या एका चित्रकलेच्या वर्गात लाकडी चौथऱ्यावर खडूच्या त्या रेघांमध्ये शेवंती स्वतः बसली होती. एकदोनदा नव्हे, अकरा महिने.

संप लागला, दत्तारामाची गिरणी बंद पडली, तेव्हा तो म्हणाला, दोन महिन्यांत मिटेल, तोवर गावाला जाऊन शेतीचं बघतो. दोन महिन्यांचे चौदा झाले. तेरा वर्षांची कुंदा घेऊन शेवंती भांडुपच्या खोलीत राहिली, कारण कुंदाची शाळा मोडायची नाही हे तिनं ठरवून टाकलं होतं. शेजारची विमला त्या वर्गात झाडलोट करायची. तिनं सांगितलं, नुसतं बसायचं काम आहे, शेवंते, भांडी नाहीत, धुणं नाही. कसं बसायचं ते तिनं दारात पोचेपर्यंत सांगितलं नाही. शेवंती तिथून पळतच सुटणार होती. मग घरातला रिकामा डबा आठवला आणि ती आत गेली.

वर्गाचे पॉल सर सज्जन माणूस. शेवंतीनं त्यांना एकच अट घातली, की माझं तोंड कुणी काढायचं नाही. सर म्हणाले, मग पाठमोऱ्या बसा, आणि घरी बसता तशाच बसा, उगाच ऐट नको. तिला दुसरं काही सुचलं नाही. घरी ती विळीवर बसायची, तशी बसली. तोंड नाही तर आपण नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. पाठ कोण ओळखतं? मुलांचे कागद तिनं एकदाही बघितले नाहीत. सुटी झाली की ती पडद्याआड जाऊन चहा घ्यायची आणि सर हाक मारीपर्यंत बाहेर यायची नाही.

दत्तारामाला तिनं पत्रात लिहिलं होतं, घाटकोपरला एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासते. तो परत आला, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लागला, आणि ती गोष्ट मिटली. मिटली म्हणजे तो विसरला. शेवंती रोज भीत होती. दादूच्या, म्हणजे दत्तारामाच्या चुलतभावाच्या बायकोनं एकदा गिरणगावातल्या नाटकात काम केलं होतं. अंगभर लुगडं नेसून, सासूचं काम. तेवढ्यावरून दत्तारामानं त्या घरचं पाणी सोडलं होतं. नऊ वर्षं झाली, अजून त्यांच्या दारात गेलेला नव्हता. नाटकातल्या सासूला ही शिक्षा, तर उघड्या पाठीला काय असेल याचा विचार शेवंती कधी शेवटपर्यंत करत नसे.

आणि आता ती पाठ समोर भिंतीवर होती. गंमत अशी, की शेवंतीनं स्वतःची पाठ आयुष्यात पहिल्यांदाच बघितली. दहा बाय बाराच्या खोलीत हातभर आरसा, त्यात पाठ कुठून दिसणार? पण उजव्या खवाट्याखाली कोळसा दाबून काढलेली एक काळी कोर होती, ती कसली हे तिला बघायची गरज नव्हती. सात वर्षांची असताना कावीळ झाली म्हणून गावच्या वैदूनं तापल्या सळईनं डागलं होतं, तोच हा डाग. आत्ता, इथे, पोपटी ब्लाउजच्या आत तो जळायला लागला. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

दत्तारामाला तो डाग ठाऊक होता. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला काय ठाऊक नसतं? सुदैवानं त्याचा चष्मा अजून खिशात होता.

"आमच्या मृणालनं काढलंय," मार्तंडराव सांगत होते. "दुसऱ्या वर्षाला असताना. बक्षीस मिळालं याला. आता हे बघायचं कसं, ते सांगतो. चित्र बघणं म्हणजे ते वाचणं. पहिला प्रश्न, ही बाई कोणत्या मनःस्थितीत आहे? सांगा घाडीगावकर."

"माका त्यातला काय कळणा नाय," दत्ताराम म्हणाला.

"कळतं हो! मान बघा. ही विरहातली मान आहे. कुणीतरी सोडून गेलंय हिला. ती त्याची वाट बघत नाही, वाट बघणं संपलंय तिचं. म्हणून तर तोंड भिंतीकडे."

तोंड भिंतीकडे कारण मुलं पाठीकडे, शेवंती मनात म्हणाली. आणि सोडून गेलंय म्हणजे काय, गावाला गेलंय.  हा माणूस बोलत होता सगळं चुकीचं, आणि मध्येच जवळ येऊन जात होता.

"दुसरं, तंत्र. रेघ बघा. डाव्या बाजूची रेघ कशी एका दमात खांद्यापासून कमरेपर्यंत उतरलीय. आणि उजव्या बाजूला रेघच नाही! फक्त सावली. कोळसा आडवा धरून फिरवलाय आणि बोटानं चोळलाय. म्हणजे अर्धी बाई उजेडात पक्की आहे, अर्धी विरघळत चाललीय. आणि ही काळी कोर," मार्तंडरावांनी काचेवर बोट टेकलं, "हा सगळ्या चित्रातला सर्वांत गडद ठिपका. इथे कोळसा दाबलाय. हे दुःख आहे. कलावंतानं दुःखाला एक जागा दिली."

"खंय?" दत्तारामानं विचारलं आणि चष्म्यासाठी खिशात हात घातला.

शेवंतीच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, पाणी मिळेल का जरा?" ती पद्मजाबाईंना म्हणाली. तिला वाटलं, पाणी आलं की सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे जाईल.

"उकडतंय का? पंखा वाढवते. पदर तरी सोडा खांद्यावरचा, ताई, नोव्हेंबरातसुद्धा काय घाम येतो बाई इथे." पद्मजाबाई उठल्या. पाणी आलं, पंखा वाढला, आणि दत्ताराम चष्मा डोळ्यांवर चढवून भिंतीशी जाऊन उभा राहिला.

तो बराच वेळ उभा होता. शेवंतीला त्याचा चेहरा दिसत नव्हता. ग्लास तिच्या हातात तसाच राहिला. तिच्या डोळ्यांपुढे सगळं एकदम आलं: दत्ताराम वळणार, काही न बोलता चपला घालणार, जिना उतरणार. मागून कुंदाचं लग्न मोडल्याचं चाळभर होणार. का मोडलं म्हणून लोक विचारणार, आणि कारण असं, की ते सांगताही यायचं नाही. कुंदा आईकडे बघणार. ते बघणं काही शेवंतीला सोसलं नसतं.

"हा पांढरा खडून केल्यानी?" दत्तारामानं विचारलं. आवाज नेहमीचाच होता. त्याचं बोट चित्रातल्या डाव्या खांद्याच्या उजेडावर होतं.

"छे छे, तीच तर खुबी!" मार्तंडराव खूश झाले. आजवर एकाही पाहुण्यानं त्यांना प्रश्न विचारला नव्हता. "आधी सगळा कागद काळा करायचा. मग पावाचा मऊ तुकडा घ्यायचा, आणि जिथे उजेड हवा तिथला कोळसा पावानं टिपून काढायचा. हा सगळा उजेड पावानं काढलेला आहे."

"पावान?"

"पावानं! साधा स्लाइस पाव."

शेवंतीला त्या पावाचा वास आला. वर्ग सुरू झाला की मुलं पावाचे पुडे फोडायची, आणि सकाळपासून चहावर असलेल्या तिच्या नाकात तो वास शिरायचा. पाठीमागे अठरा मुलं पाव कुस्करत होती आणि तिनं हलायचं नव्हतं.

तेवढ्यात मृणालिनी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. विशीतली, नाकेली, लांब बोटांची पोरगी. तिनं दत्तारामाला नमस्कार केला, मग शेवंतीपुढे बशी धरली, वर बघितलं, आणि बशी हातातच राहिली. 

डावीकडच्या खिडकीशी बसणारी. शेवंतीला ती आठवली. सुटीत पडद्याआड चहा आणून देणारी तीच एकटी. बाकीची मुलं चौथऱ्यावरच्या बाईला बघायची, पण बाईशी बोलायची नाहीत. म्हणजे हिनं तोंडही बघितलेलं होतं. चांगलं जवळून, अकरा महिने.

"आलीस? बरं झालं," मार्तंडराव म्हणाले. "अगं, घाडीगावकर चित्र बारकाईनं बघतायत. ये, तूच सांग. मी या बाईबद्दल विचारलं की ही नेहमी टाळते बघा. कोण होती गं ती? कुठली? आज सांगून टाक, घरचीच माणसं आहेत."

मृणालिनीनं बशी टीपॉयवर ठेवली आणि बापाकडे बघितलं, मग चित्राकडे. शेवंतीकडे तिनं मुळीच बघितलं नाही, आणि त्यामुळेच शेवंतीची खात्री पटली की ती आता बोलणार. पोरगी खोटं बोलणाऱ्यातली दिसत नव्हती. तिचे कान लाल झाले, तोंड उघडलं. शेवंतीनं डोळे मिटून घेतले आणि गावच्या वेतोबाला नारळ बोलली. दोन बोलली.

"बाबा, ती म्हणजे..."

"मासे कापता," दत्ताराम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो अजून भिंतीकडे तोंड करूनच उभा होता.

"काय म्हणालात?"

"ही बाई मासे कापता. तुमी म्हणतास ता विरह-बिरह काय नाय. ह्यो पाय आसा ना मुडपलेलो, तो आडाळ्याच्या पाटार. ह्यो गुडघो वर. मान खाली, कारण नजर पात्यार. जरा मान हलली तर बोट गेला." तो वळला. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत म्हणाला, "आमच्याकडे सगळ्यो बायलो अशोच बसतत. माझी आवस अशीच बसा होती."

मार्तंडराव जे हसत सुटले ते थांबेनात. "विळी!" ते म्हणाले. "अहो, विळीच काढली नाही, म्हणून आम्ही पाच वर्षं विरहात! मृणाल, काय गं, खरं?"

"खरंच आहे, बाबा," मृणालिनी म्हणाली. "सरांनी सांगितलं होतं, घरी बसता तशा बसा."

पद्मजाबाईही हसल्या. शेवंतीनं हसू आणलं. पण तिच्या लक्षात आलं होतं. दत्तारामाला कळलं होतं. ते विनोदानं बोलणं त्याचं नव्हतं. तो लोकांत विनोद करणारा माणूसच नव्हता. त्यानं या लोकांसमोर तमाशा नको म्हणून पोरीचं तोंड बंद केलं होतं. जे बोलायचं ते आता घरी बोलणार.

आणि मार्तंडराव हौशी माणूस, हौसेच्या भरात त्यांनी आणखी एक उद्योग केला. त्यांनी चौकट भिंतीवरून उतरवली. "घाडीगावकर, चित्र त्याचं, ज्याला ते वाचता आलं. हे तुमच्या घरी शोभेल."

"नको, नको!" शेवंती एवढ्या जोरात म्हणाली की पद्मजाबाई दचकल्या. "म्हणजे... जागाच नाही आमच्याकडे."

"द्या बाबा त्यांना," मृणालिनी म्हणाली. "माझीही तीच इच्छा आहे."

पद्मजाबाईंनी तर लगेच वर्तमानपत्र आणलं, सुतळीही आणली. एवढ्या लगबगीनं त्यांनी पाहुण्यांना काही दिलेलं बहुधा ते पहिलंच. कॅलेंडर त्यांनी स्वतः उचलून पुन्हा खिळ्याला लावलं.

निघताना शेवंतीला कुंकू लावायला मृणालिनी पुढे आली. नखांत कोळशाची काळी रेघ होती. "या हं, मावशी," ती म्हणाली. वर्गात सगळी मुलं तिला मावशीच म्हणायची. पद्मजाबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. भावाच्या सासूला दुसरं काय म्हणतात?

"मग साखरपुडा कधी धरायचा?" मार्तंडरावांनी दारात विचारलं.

"कळवतंय," दत्ताराम म्हणाला. काखेत चित्र घेऊन तो जिना उतरायला लागला.

आग्रा रोडच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. चित्र दत्तारामाच्या मांडीवर, वर्तमानपत्रात. एका कोपऱ्याला कागद फाटला होता आणि तिथून काळपट पावलाचा अंगठा आणि खडूची रेघ दिसत होती. शेवंती तेवढंच बघत होती. तिला वाटलं, त्यानं बोलावं, बसमध्ये बोलावं, चार माणसांसमोर शिव्या घालाव्यात, पण हे गप्प बसणं नको. कळवतंय म्हणजे काय? लग्न मोडणार का हा? आपली चूक पोरीच्या माथी मारणार? दत्ताराम खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचा हात सुतळीच्या गाठीवर होता.

भांडुपला उतरल्यावर तो घराकडे वळला नाही. स्टेशनाजवळच्या बाजारात शिरला. कोळणींच्या टोपल्या आवरत आल्या होत्या. त्यानं घासाघीस न करता सहा बांगडे घेतले. या वेळेला मासे? पोटभर पोहे खाऊन आलेल्या माणसाला? आता हा आपल्याला विळीवर बसवणार, तिला वाटलं, तसंच बसवणार, चित्र समोर ठेवून. दाखव म्हणणार, कशी बसत होतीस. ती त्याच्या मागून चालत राहिली.

खोलीत कुंदा दारातच उभी होती. "कसं आहे घर?"

"घर बरां आसा. माणसां बरी आसत," दत्ताराम म्हणाला. "तू विमलाकडे जाऊन बस जरा. बोलावतंय मगे."

कुंदानं आईकडे बघितलं. आईचा चेहरा बघून ती निमूट गेली. दत्तारामानं दार लोटलं. चित्र भिंतीला टेकवून ठेवलं, कागद न सोडता. सदरा काढून खुंटीला अडकवला. मग त्यानं स्वतःच विळी घेतली, मोरीजवळ मांडली, आणि धोतर वर खोचून तिच्यावर बसला. पाठ शेवंतीकडे.

शेवंती भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं पदर छातीशी मुठीत धरला होता. दत्तारामानं बांगडा पात्याला लावला. त्याला काही ते जमत नव्हतं. उलट्या बाजूनं डोकं कापलं, अर्धं पोट तिथेच राहिलं.

"डाग मागसून दिसलो," तो म्हणाला. वळला नाही. "चष्मो लावल्यार. आधी तुझा बसणा वळाखलंय. चष्म्याशिवाय, खुर्चेतसून."

त्यानं बांगडा उलटा फिरवून पुन्हा पात्याला लावला.

"थंडी लागायची काय गो थंय?"

या प्रश्नाची तयारी तिनं पाच वर्षांत केली नव्हती. कुणाबरोबर, कुणासमोर, किती पुरुष, लाज कशी नाही वाटली, सगळ्याची उत्तरं तिनं रात्री जागून घोकली होती. या एकाचं नव्हतं. "नाय," ती म्हणाली. "भीती वाटायची."

"कोणाची?"

"तुमची."

त्यानं दुसरा बांगडा घेतला. हातात धरून ठेवला, पात्याला लावला नाही. "तो पाव," तो म्हणाला. "कोळसो पुसलेलो. तो मगे कोण खाय?"

"कोळशाचो नाय खात. पुड्यात उरलेलो सर आमका देयत." शेवंती म्हणाली. "मी खाय नाय. कुंदाक घराक हाडी होतंय. ती म्हणा, आई, रोज रोज पाव कित्याक. मी सांगायची, कँटीनमधलो."

शेवंतीला त्याचं तोंड दिसत नव्हतं, फक्त गंजीफ्रॉकातली पाठ दिसत होती. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याची पाठ नीट बघितली. मार्तंडरावांनी मघाशी सांगितलं होतं तशी, मानेपासून. मान खाली होती. पण नजर पात्यावर नव्हती, हात थांबलेला होता. खांदे कानांपाशी ओढलेले. राग आला की दत्तारामाचे खांदे खाली पडतात आणि मान ताठ होते, हे तिला वीस वर्षं माहीत होतं. ही ती पाठ नव्हती. असे खांदे कधी वर जातात तेही तिला माहीत होतं, अकरा महिने तिनं ते तसेच धरले होते. तो भ्याला होता. चौदा महिन्यांत आणखी काय काय झालं ते ही आता सांगेल, आणि ते आपल्याला ऐकावं लागेल, म्हणून तिचा नवरा विळीवर बसून भीत होता. आणि मग तिला दिसलं, की ते खांदे हलतायत.

तिनं मूठ सोडली.

"उठा," ती म्हणाली. "वाट लावलास त्या बांगड्याची. तुमका कापूक येणा नाय."

तो उठला. तिच्याकडे न बघता मोरीवर हात धुतले, तोंडही धुतलं, आणि बराच वेळ धूत राहिला. शेवंती विळीवर बसली. उजवा पाय पाटावर मुडपला, डावा गुडघा वर घेतला, मान खाली घातली आणि अर्धवट कापलेला बांगडा पात्याला लावला.

पाठीमागे सुतळी सुटल्याचा आवाज आला, मग वर्तमानपत्राचा. तो चित्र बघत होता, की तिला, ते तिला कळायला मार्ग नव्हता.

"मुलुंडाक उद्या कळवतंय," दत्ताराम म्हणाला. "तुळशीचा लगीन झाला काय पयल्या रविवारी धरूया." मग म्हणाला, "दादूकडेपण जाऊक व्हया आमंत्रणाक. तूय चल."

"बरा," शेवंती म्हणाली.

तिचा पदर खांद्यावरून घसरून कोपरात आला होता. सहाही बांगडे कापून होईपर्यंत तो सावरायचं तिच्या लक्षातच आलं नाही.